कूस बदलताच घर फिरते

"डॉक्टर, कूस बदलली की घर गरगर फिरतं." ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे बरेच जण गळ्यात पट्टा आणि हातात मानेचा एक्स-रे घेऊनच येतात. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच. चक्कर तिच्यामुळेच येते असे नव्हे.

अंतर्कर्णात तोल सांभाळणारे कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते निसटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोके हलताच आतला द्रव ढवळतो आणि काही सेकंद भोवळ येते. डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये यावर साधी तपासणी सांगितली. डोके एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन आडवे करायचे व बुबुळे पाहायची. ती थरथरली, की निदान जवळपास पक्के. यंत्र नको, खर्च नको!

अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून खडे नलिकेबाहेर काढण्याची पद्धत शोधली. सहव्यावसायिकांना ते बरीच वर्षे पटेना. शोधनिबंध १९९२ मध्ये आला, पुढे चाचण्यांत पद्धत खरी ठरली. बहुतेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. त्रास उलटला तर तीच कृती पुन्हा करता येते. पहिल्यांदा मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. चक्करच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊ नयेत. म्हाताऱ्या माणसांना त्यांनी गुंगी येते, आणि न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडते.

चक्कर येताना जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले किंवा चालताच येईना, तर कानाचा विचार सोडून तडक मोठे रुग्णालय गाठा.