तळपायातला लाल उजेड

काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाचा पाय कधी जवळून पाहिलाय? आपल्या अंगठ्याएवढा तळवा, त्याला गुंडाळलेली मऊ पट्टी आणि पट्टीच्या कडेतून झिरपणारा लाल उजेड. शेजारच्या पडद्यावर आकडा: ९२. सुई टोचली नाही, रक्ताचा थेंब काढला नाही. मग रक्तात ऑक्सिजन किती, हे या दिव्याला कळलं कसं?

रंगावरून! ऑक्सिजन घेतलेलं रक्त लालभडक, देऊन परतणारं काळपट. पट्टीत दोन प्रकाश असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. लालभडक रक्त लाल प्रकाश जाऊ देतं, अवरक्त जास्त अडवतं. काळपट रक्ताचं उलट. पण पायात कातडी आहे, हाड आहे, परतीचं रक्तही आहे. तेही उजेड अडवणारच. त्यातून धमनीतलं ताजं रक्त वेगळं कसं काढायचं?

१९७२ साली जपानी अभियंता ताकुओ आओयागी वेगळ्याच कामात होते. हृदय किती रक्त ढकलतं, हे ते कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून मोजू पाहत होते. नाडीच्या ठोक्यांनी आलेखाची रेघ सारखी थरथरायची. ती थरथर घालवायला त्यांनी दुसरा प्रकाश जोडला, तर ऑक्सिजन बदलला की सगळा हिशेब बिघडायचा. आणि तिथेच उमगलं! ठोक्यासरशी कमीजास्त होतं ते धमनीतलं रक्त. हाड नाही, कातडी नाही. जी थरथर ते पुसायला निघाले होते, तिच्यातच उत्तर होतं. पल्स ऑक्सिमीटरमधला ‘पल्स’ तो हाच.

नवजात बाळाची गोष्ट तर आणखी नवलाची. जन्मानंतर पहिल्या मिनिटाला त्याचा आकडा ६०-६५ असतो. मोठ्या माणसाचा एवढा उतरला तर धावपळ उडेल. बाळासाठी तो स्वाभाविक. ८५-९५ गाठायला त्याला दहा मिनिटं लागतात.

आणि ही पहिली मोजणी उजव्या हातावरच का? नागपूरहून निघालेली गाडी बुटीबोरीलाच वर्ध्याकडे वळली, तर पुढे जामच्या चौरस्त्यावर मिसळणाऱ्या गाड्यांशी तिची गाठ पडत नाही. उजव्या हाताची धमनी अशीच आधी वळते. पुढे गर्भावस्थेतली एक जोडवाहिनी मुख्य धमनीला मिळते आणि तिच्यातून काळपट रक्त मिसळू शकतं. म्हणून मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा अंदाज उजवा हात देतो. जामच्या पुढचा हिंगणघाट म्हणजे पाय! हात आणि पाय यांच्या आकड्यांत तीनहून जास्त फरक पुन्हा पुन्हा आला, तर डॉक्टर हृदयाची तपासणी करतात.

ऑक्सिजन जास्त झालेलाही चालत नाही, हे फार महागात शिकावं लागलं. १९४० आणि ५०च्या दशकांत अपुऱ्या दिवसांच्या हजारो बाळांची दृष्टी गेली, कारण ऑक्सिजनच्या अतिरेकानं डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडतात. म्हणूनच अशा बाळाला ऑक्सिजन सुरू असताना आकडा ९० ते ९५मध्ये राखायचा प्रयत्न असतो.

तुमचं बाळ सेवाग्रामला असो की नागपूरला, पडद्यावर शंभर दिसत नाही म्हणून घाबरू नका. आणि पट्टी निसटलेली दिसली तर स्वतः बसवू नका, लगेच सिस्टरना हाक मारा.