गुडघा गेला, खेळ राहिला: खालच्या लीगमधला एडी हाऊ कोच कसा झाला

ज्यांना हेडफोन लावून पूर्ण भाग ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे कसं' थोडे काढलेत.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. विशीतला मुलगा, जिल्हा पातळीवर खेळतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. प्रश्न एकच: "दादा, खेळ सुटला तर फुटबॉलमध्ये राहता येतं का?" यावर मी भाषण ठोकणार नाही. त्यापेक्षा एका माणसाचं करिअर नीट उलगडून बघू. एडी हाऊ. न्यूकॅसलचा मॅनेजर म्हणून तुम्ही त्याला ओळखता. खेळाडू म्हणून बहुतेकांनी त्याला पाहिलेलंच नाही, कारण तो जिथे खेळला तिथले सामने आपल्याकडे दिसत नाहीत.

आधी ही खालची लीग म्हणजे काय ते बघू. इंग्लंडमध्ये वरच्या चार स्तरांत मिळून ९२ क्लब आहेत. प्रीमियर लीगमध्ये २०, आणि त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, प्रत्येकी २४. आपण सगळं बोलतो ते त्या वरच्या वीसांबद्दल. तळाच्या दोन लीगमध्ये बहुतेकांचे करार एक-दोन वर्षांचे. सीझन संपला की क्लब यादी जाहीर करतो: कोण राहणार, कोण जाणार. जाणाऱ्यात नाव आलं की साधारण जूनअखेर पगार थांबतो आणि माणूस नवा क्लब शोधायला लागतो. घरात लहान मूल असो, घराचा हप्ता असो, यादीला काही फरक पडत नाही.

हाऊ याच दुनियेतला. जन्म १९७७ चा, बचावपटू. दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथ या छोट्या क्लबमध्ये तयार झाला आणि डिसेंबर १९९५ मध्ये, अठराव्या वर्षी, पहिल्या संघाकडून खेळला. क्लब तेव्हा तिसऱ्या स्तरावर होता. पोरगा चांगला होता, इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडूनही दोन सामने खेळला. पण मोठी उडी आली ती २००२ मध्ये. हॅरी रेडनॅप पोर्ट्समथला मॅनेजर झाले आणि त्यांनी चार लाख पौंडांना त्याला घेतलं.

आणि तिथेच गुडघा गेला. पोर्ट्समथच्या पहिल्याच सामन्यात दुखापत. पुढच्या सीझनच्या सुरुवातीला परत मैदानात उतरला आणि काही मिनिटांतच पुन्हा खाली बसला. पोर्ट्समथकडून एकूण सामने किती? दोन. वय पंचवीसच्या आत-बाहेर, कागदावर करिअरचा सर्वांत मोठा करार, आणि रोजचं काम म्हणजे फिजिओच्या खोलीतला बाक. संघ बाहेर पळतोय, तुम्ही आत रबरी पट्टा ओढताय. दीर्घ दुखापत झालेला कुठलाही खेळाडू सांगेल, दुखण्यापेक्षा हे एकटेपण जास्त खातं.

२००४ मध्ये तो लोनवर बोर्नमथला परतला. क्लबला त्याला कायमचं हवं होतं, पण तिजोरीत खडखडाट. मग चाहत्यांनी काय केलं? वर्गणी काढली. अक्षरशः गणपतीला काढतो तशी. मोहिमेचं नाव 'एडीशेअर', आणि काही दिवसांत जमले साधारण २१ हजार पौंड. दुखऱ्या गुडघ्याच्या एका बचावपटूसाठी! मला वाटतं, पुढे हा माणूस त्या क्लबसाठी जे करतो ते समजून घ्यायचं असेल तर ही वर्गणी लक्षात ठेवावी लागते.

पण गुडघ्याला भावना कळत नाहीत. २००६ च्या शेवटाकडे मॅनेजर केविन बाँड यांनी त्याच्याकडे राखीव संघाच्या कोचिंगची जबाबदारी दिली, आणि २००७ मध्ये, तिशीच्या आतच, त्याचं खेळणं पूर्ण थांबलं. बोर्नमथसाठी अडीचशेहून जास्त सामने, ट्रॉफी शून्य.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे समज असा की मोठा खेळाडू निवृत्त होतो आणि मग कोच 'होतो'. खालच्या लीगमध्ये असं होत नाही. तिथे खेळता खेळताच दुसरा पाय कोचिंगमध्ये टाकावा लागतो: सकाळी स्वतःचा सराव, संध्याकाळी मुलांचा. त्यासोबत परवाने: युएफा बी, मग ए, मग प्रो. प्रत्येक पायरीला वर्गातला अभ्यास असतो आणि मैदानावर प्रत्यक्ष सेशन घेऊन दाखवावं लागतं. हाऊच्या हाती राखीव संघ आला तो असाच. सामने बघायला माणसं मोजकी, कॅमेरे नाहीत, चुकलात तरी बातमी होत नाही. शिकायला यापेक्षा बरी जागा नाही, असं माझं मत.

मग आला डिसेंबर २००८. बोर्नमथ चौथ्या स्तरावर, म्हणजे लीग टू मध्ये. आर्थिक दिवाळखोरीमुळे सीझनची सुरुवातच उणे १७ गुणांनी. विचार करा, पाच सामने जिंकलात तरी तुम्ही अजून शून्याच्या खालीच! तळाचे दोन संघ ९२ क्लबच्या बाहेर फेकले जातात, आणि कर्जात बुडालेला क्लब एकदा बाहेर गेला की टिकेलच याची खात्री नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मॅनेजरला काढलं आणि तात्पुरता कारभार हाऊकडे आला. वय ३१. फुटबॉल लीगमधला सर्वांत तरुण मॅनेजर. पहिले दोन सामने हरला, तरी क्लबने त्याला कायम केलं. दुसरं कोण येणार होतं, हाही प्रश्नच होता म्हणा.

त्याने केलेल्या गोष्टींपैकी एक मला फार आवडते. त्याने स्टीव्ह फ्लेचरला परत आणलं. फ्लेचर म्हणजे त्याचा जुना सहकारी, ३६ वर्षांचा उंच फॉरवर्ड, बोर्नमथचा जुना जाणता माणूस. २५ एप्रिल २००९, घरचा शेवटचा सामना, समोर ग्रिम्सबी. बोर्नमथ आधी पिछाडीवर, मग बरोबरी, आणि शेवटच्या काही मिनिटांत गोल केला तो फ्लेचरनेच. २-१. क्लब वाचला. पुढच्याच सीझनमध्ये, नवे खेळाडू घेण्यावर बंदी असताना, बढती.

मधला भाग पटकन सांगतो. २०११ मध्ये तो बर्नलीला गेला, तिथे फार जमलं नाही, ऑक्टोबर २०१२ मध्ये बोर्नमथला परत. त्याच सीझनमध्ये चॅम्पियनशिपमध्ये बढती, आणि २०१५ मध्ये चॅम्पियनशिप जिंकून थेट प्रीमियर लीग. १८९९ मध्ये स्थापन झालेला क्लब पहिल्यांदाच वरच्या स्तरावर, मैदानाची क्षमता ११ हजारांच्या आसपास. ही नुसती परीकथा मात्र नाही हं. तोपर्यंत क्लबला श्रीमंत रशियन मालक मिळाला होता, आणि त्या सीझनच्या खर्चाबद्दल आर्थिक नियम मोडल्याचा दंडही झाला. पैसा होताच. पण स्टीव्ह कुक, सायमन फ्रान्सिस, चार्ली डॅनियल्स, मार्क प्यू ही मंडळी लीग वनमधून त्याच्यासोबत वर आली आणि प्रीमियर लीगमध्ये खेळली. हे पैशाने झालेलं नाही, ते सरावाच्या मैदानावर झालं.

पाच सीझन टिकले, २०२० मध्ये खाली घसरले, हाऊ बाहेर पडला. वर्षभराहून जास्त तो कामाविना होता. त्या काळात इतर कोच कसे काम घेतात ते बघायला तो फिरला, माद्रिदला सिमिओनेकडेही गेला. बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षी, प्रीमियर लीगचा अनुभव गाठीशी असताना, दुसऱ्याच्या मैदानाच्या कडेला उभं राहून वही भरणं सगळ्यांना जमत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूकॅसल. ११ सामन्यांत एकही विजय नाही, गुण ५. सौदी मालक नुकतेच आलेले, त्यामुळे जानेवारीत खरेदी झाली, हेही खरं. पण जोएलिंटन आठवतोय? स्ट्रायकर म्हणून टिंगलीचा विषय झालेला तो. हाऊने त्याला मिडफिल्डमध्ये आणलं आणि तोच माणूस संघाचा आधार झाला. पहिल्या १४ सामन्यांत एकही विजय नसताना प्रीमियर लीगमध्ये टिकलेला हा पहिलाच संघ.

आता आपल्या मित्राच्या प्रश्नाकडे. हाऊसारखं होईल, असं मी सांगणार नाही. खालच्या लीगमधून कोचिंगकडे वळणाऱ्या बहुतेकांची नावं आपल्याला कधी कळतही नाहीत. कुणी शाळेत शिकवतो, कुणी क्लबच्या बारा वर्षांखालच्या मुलांना. पण रस्ता आपल्याकडेही आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सुरुवातीच्या परवान्यांपैकी 'डी' घ्यायचा, मग आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि प्रो. महाराष्ट्रात सुरुवातीचे कोर्स विफामार्फत, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात. देशाकडून खेळलेलं असणं ही पहिल्या पायरीची अट नाही. आणि एक काम तर परवान्याआधीही करता येतं: गुडघा बरा होईपर्यंत आपल्याच क्लबच्या लहान मुलांच्या सरावाला जायचं, कोचला विचारून एक छोटं सेशन घ्यायचं. दहा मुलांसमोर उभं राहिलात की आवडतंय की नाही ते पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. नाही आवडलं तर तेही कळलेलं बरं, फी भरण्याआधी.

राहिली एक गोष्ट. १६ मार्च २०२५, वेम्बली, लीग कपची फायनल, समोर लिव्हरपूल. न्यूकॅसलने १९५५ नंतर देशांतर्गत मोठी ट्रॉफी जिंकलेली नव्हती. मध्यंतराच्या तोंडावर कॉर्नरवर पहिला गोल हेडरने केला डॅन बर्नने. हा लहानपणी न्यूकॅसलनेच सोडून दिलेला मुलगा. डार्लिंग्टन, येओव्हिल अशी खालच्या लीगची स्टेशनं घेत तो तिशी ओलांडून इथे पोचला होता. दुसरा गोल इसाकचा, निकाल २-१. त्याआधी मोठी देशांतर्गत ट्रॉफी जिंकणारा शेवटचा इंग्लिश मॅनेजर होता २००८ चा एफए कप जिंकणारा पोर्ट्समथचा हॅरी रेडनॅप. तोच, ज्याने चार लाख पौंड देऊन हाऊला घेतलं आणि ज्याला त्याचे दोनच सामने मिळाले.

पुढच्या भागात गोलकीपर कोच नेमकं काय करतो ते बघू. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, फक्त तीन मिनिटांच्या आत बरं का.