वारं पडलं की झोप उडते
लेखमाला : बाग आणि आभाळ – लेख सहावा

सातारा-सांगलीत वाऱ्याला तोटा नाही. पाटणजवळचं वनकुसवडे-चाळकेवाडीचं पठार, शिराळा तालुक्यातलं गुढे-पाचगणी, कवठेमहांकाळकडचा ढालगावचा माळ. तिन्हीकडं पवनचक्क्या उभ्या आहेत. पण या चक्क्यांचं खरं पोट भरतं ते पावसाळ्यातल्या नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर. दिवाळी उलटली की तीच पाती रेंगाळायला लागतात. हिवाळ्यात आपल्याकडं येतो तो उत्तर-ईशान्येचा कोरडा, हलका वारा. ओठ फोडणारा, पण झाडं न मोडणारा.

मग हिवाळी वादळाचा अंदाज आला की तासगाव, पलूस, मिरज, खानापूरचा द्राक्षबागायतदार एवढा का धास्तावतो? वादळ तर असतं हजार किलोमीटरवर, चेन्नईच्या किंवा ओमानच्या बाजूला. त्याचा सोसाट्याचा वारा इथवर पोचतच नाही. उलट त्या दिवसांत इथलं वारं पडतं, आणि धास्ती असते ती त्याचीच. बागेत वारा किती जोरात येतोय यापेक्षा तो येतोय का, आणि कोरडा आहे का, हे हिवाळ्यात जास्त महत्त्वाचं असतं. आजचा लेख त्यावरच.

मागच्या लेखात ऑक्टोबर छाटणीनंतर बागेचे दिवस कसे मोजतात ते पाहिलं. तोच हिशोब इथं लावा. छाटणीनंतर साधारण आठ-बारा दिवसांत डोळे फुटतात, पस्तीस-पंचेचाळीस दिवसांच्या दरम्यान फुलोरा येतो. म्हणजे ऑक्टोबरात छाटलेली बाग नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेमकी फुलोऱ्यात किंवा मणी धरण्याच्या अवस्थेत. ऑगस्ट-सप्टेंबरात छाटलेल्या आगाप बागेत याच वेळी मण्यात पाणी भरत असतं, गोडी चढत असते. आणि बंगालच्या उपसागरात, अरबी समुद्रात चक्रीवादळं उठण्याचा मोसमही ऑक्टोबर ते डिसेंबर हाच.

या अवस्थेत बागेचा पहिला शत्रू म्हणजे डाऊनी, आपल्या जुन्या माणसांचा केवडा. पानाच्या वरच्या अंगाला तेलकट पिवळसर ठिपका, पान उलटं करून बघितलं तर खाली पांढरी लव. ही बुरशी पाण्यातून चालते, अगदी शब्दशः. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात पोहत पोहत पानाच्या खालच्या छिद्रांपर्यंत जातात आणि तिथून आत शिरतात. वीस ते पंचवीस अंशांचं उबदार तापमान आणि पान दोन-चार तास सलग ओलं, एवढं त्यांना पुरतं. एकदा आत गेली की चार-सात दिवस काहीच दिसत नाही, आणि दिसते तेव्हा घडावर चढलेली असते. फुलोऱ्यातला घड तिच्या तावडीत सापडला की गळ आणि कूज, दोन्ही एकदम.

आता वाऱ्याचं काम लक्षात येईल. पहाटे पडलेलं दव उत्तरेचा कोरडा वारा आठ-नऊ वाजेपर्यंत उडवून लावतो. ओलं पान सुकतं, बीजाणू वाटेतच मरतात. हा वारा म्हणजे बागेला मिळालेली फुकटची फवारणीच. ढग आले, वारं पडलं, की तेच दव अकरापर्यंत पानावर बसून राहतं. मग पाऊस पडो न पडो, नुकसान ठरलेलं.

तासगावात औषधाच्या दुकानात त्या दिवसांत कान दिला तर असला संवाद हमखास ऐकू येतो.

“आप्पा, पाऊस हाय का तुमच्याकडं?”

“पाऊस न्हाई. पर वारं पडलंय सकाळधरनं. द्या काय ते डाऊनीचं.”

आप्पांनी पर्जन्यमापक पाहिलेला नसतो. बांधावरच्या झाडाचा शेंडा हलत नाही, एवढं त्यांनी पाहिलेलं असतं, आणि निदान बिनचूक असतं.

लांबची वादळं इथं काय करतात याचं ठळक उदाहरण म्हणजे 2019 ची दिवाळी. 27 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, अरबी समुद्रातलं ‘क्यार’ महाचक्रीवादळ झालं; 2007 च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रातलं हे पहिलंच. ते आपल्या किनाऱ्यावर आलंच नाही, पश्चिमेला ओमान-येमेनच्या दिशेनं गेलं आणि समुद्रातच विरलं. त्याच्या मागोमाग ‘महा’ आलं. दोन्ही वादळं महाराष्ट्राच्या जमिनीवर आली नाहीत, तरी नाशिकपासून सांगलीपर्यंत त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं बागा झोडपल्या. त्याआधी 2017 च्या डिसेंबरात ‘ओखी’ दक्षिण टोकाला वळसा घालून सुरतेच्या दिशेनं येता येता क्षीण झालं. 2021 मध्ये तर नाव द्यावं इतकं मोठं वादळही नव्हतं. 1 आणि 2 डिसेंबरला अरबी समुद्रातल्या साध्या कमी दाबाच्या पट्ट्यानं अवकाळी पाऊस पाडला आणि पाणी उतरलेल्या आगाप बागांत मणी तडकले. तेव्हा वादळाचं नाव मोठं म्हणून आपलं नुकसान मोठं, असं गणित नाही. बातम्यांतल्या नावाला भुलू नये.

वादळ कुठं आहे हे मोबाइलशिवाय ओळखायची एक जुनी रीत आहे. डच हवामानशास्त्रज्ञ बाईस बॅलट यांनी 1857 मध्ये ती मांडली. आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याकडं पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं क्षेत्र आपल्या डाव्या हाताला असतं. वारा उत्तरेकडून येत असेल तर पाठ उत्तरेला, डावा हात पूर्वेला : बंगालच्या उपसागराकडं बघा. वारा आग्नेयेकडून येत असेल तर डावा हात नैर्ऋत्येला जातो : अरबी समुद्रात काहीतरी शिजतंय. मात्र कृष्णा-येरळेच्या खोऱ्यात आणि डोंगराच्या कुशीत जमिनीलगतचा वारा डोंगर वळवेल तसा वळतो, त्यामुळं झाडाच्या शेंड्यापेक्षा ढग कुठून कुठं सरकतात ते पाहावं. आणि हिवाळ्यात आग्नेयेकडून ढगांची रांग लागली, हवेत चिकटपणा आला, तर अंदाजाची वाट बघत बसू नये.

अंदाजाबद्दल थोडं. हवामान विभागाच्या लेखी सातारा आणि सांगली ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतात. त्याच उपविभागात नाशिकही आहे आणि सोलापूरही. नुसत्या सातारा जिल्ह्याचा विचार केला तरी महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि माण-खटावला त्याचा दहावा हिस्सा. त्यामुळं ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ या ओळीवर बागेचा निर्णय घेता येत नाही, आणि ती ओळ त्यासाठी लिहिलेलीही नसते. पिवळा, नारिंगी, तांबडा हे इशारे जीव आणि मालमत्ता वाचवण्यासाठी आहेत. डाऊनीला इशाऱ्याचा रंग लागत नाही. बागायतदारानं अंदाजातून चार गोष्टी काढून घ्याव्यात : सकाळची सापेक्ष आर्द्रता, ढग किती, रात्रीचं तापमान चढणार की उतरणार, आणि वाऱ्याची दिशा नि वेग. रात्रीचं तापमान दोन-तीन दिवसांत अचानक चढलं तर समजावं, ढगाची गोधडी वर आली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला, महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचे आकडे, आणि आता तर पोरंसोरंही उघडतात ते ‘विंडी’ अॅप, सगळं बघावं. व्हॉट्सअॅपवर ‘या तारखेपासून धुमाकूळ’ असं छातीठोक सांगणारे भविष्यवेत्ते मात्र करमणुकीपुरते ठेवावेत. काही बागांत पानाची ओल मोजणारी सेन्सर बसली आहेत. माझ्या मते खर्च करायचाच तर तो पहिल्यांदा त्यावर करावा, कारण जिल्ह्यात पाऊस किती पडला याच्यापेक्षा तुमचं पान किती तास ओलं होतं हाच प्रश्न आहे.

वारं पडल्यावर करायचं काय? आपणच वारा करायचा. ट्रॅक्टरमागचा ब्लोअर औषधाविना मोकळाच बागेतून फिरवतात. पंख्याच्या झोतानं घडांत साठलेलं पाणी झडतं, पानं हलतात, सुकायला लागतात. पावसाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मणेराजुरी-सावळज भागातनं जाताना ब्लोअरची घरघर ऐकू येते ती याचीच. काळ्या रानात चिखलानं ट्रॅक्टर घुसत नसेल तर मॅन्कोझेबची धुरळणी करतात. ओल्या पानाला पावडर चिकटते आणि पाण्याची भर पडत नाही. गर्दी झालेल्या फुटी काढून टाकणं, घडाजवळची पानं विरळ करणं, ही कामं मात्र आभाळ यायच्या आधीची. दाट कॅनॉपीत शिवारभर वारा सुटला तरी आत हवा उभीच राहते. फवारणी करायची तर वारा ताशी दहा-बारा किलोमीटरच्या आत असताना, संध्याकाळी किंवा सकाळी. जोराच्या वाऱ्यात औषध शेजाऱ्याच्या बागेत जातं आणि बिल आपल्याला येतं.

खरोखरचा जोराचा वाराही येतो, नाही असं नाही. फेब्रुवारीपासून वळवाचं वातावरण बनायला लागलं, की गडगडाटी ढगाखालून चाळीस-पन्नास किलोमीटरचे झोत सुटतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे सूत्र मांडव घालणाऱ्यानं भिंतीवर लिहून ठेवावं. एकरी दहा-बारा टन माल तारांवर लोंबत असताना कडेचा एक ताण सुटला, तर अख्खा मांडव ओळीनं आडवा होतो. म्हणून माल भरायच्या आधी कडेचे अँगल, ताणाच्या तारा आणि जमिनीतले अँकर हातानं हलवून बघायचे. कोवळी काडी बुडातून मोडते, ती बांधून घ्यायची. मणी पानाला, काडीला घासून ओरखडे पडतात. देशी बाजारात ते चालून जातं, निर्यातीच्या मालात नाही. पावसाला उपाय म्हणून प्लास्टिकचं आच्छादन आलं, चांगलं आहे, पण ते वाऱ्याला शिडासारखं धरतं. खर्चाचा हिशोब करताना नुसतं प्लास्टिक धरून भागत नाही, त्याखालचा सांगाडाही धरावा लागतो.

वारा अडवायची खरी विद्या बघायची तर मिरज पूर्व भागातल्या पानमळ्यात जावं. बेडग, आरग, नरवाड या गावांत विड्याच्या पानाचे मळे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वेलीला आधार शेवरी, शेवगा, पांगाऱ्याचा. भोवतीनं पुन्हा शेवरी आणि केळीची दाट रांग. बाहेर थंड कोरडा वारा कातडी सोलत असताना आत शिरलं की हवा मऊ लागते. पण नीट बघा, ही भिंत नाही. शेवरीचं पान बारीक, तिच्यातून वारा गाळून आत येतो. आजचं शास्त्र हेच सांगतं : निम्मा वारा अडवणारी आणि निम्मा जाऊ देणारी आडोशाची रांग सर्वांत चांगली. तिचा आसरा तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत मिळतो, म्हणजे पंधरा फुटांची शेवरी दीडशे फूट रान सांभाळते. भरीव भिंतीवरून मात्र वारा उसळतो आणि पलीकडं भोवरे घालत आदळतो. सातारा शहरात गच्चीच्या कठड्याला पत्रे ठोकून आत कुंड्या ठेवणाऱ्यांच्या कुंड्या का पडतात, याचं उत्तर इथं आहे. पत्रा काढा, हिरवी जाळी लावा.

द्राक्षबागेला असा आडोसा करताना जरा बेतानं. पानमळ्याला दमट सावली हवी, द्राक्षाला नको. पश्चिमेला विरळ रांग ठीक, चारी बाजूंनी कोंडलं तर केवड्याला आपणच घर बांधून दिल्यासारखं.

वर महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीवाल्यांचं दुखणं वेगळं, पण मूळ तेच. वेण्णा तलाव आणि लिंगमळा भागात डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठतात, पर्यटक फोटो काढतात. ते गोठतात निरभ्र, निवांत रात्री. वारा असला की वरची थोडी उबदार हवा खाली मिसळत राहते. वारा थांबला की जड गार हवा उतारावरनं ओघळून तलावाच्या खोलगट भागात साठते. वेधशाळेचं तापमान जमिनीपासून चार-पाच फुटांवर मोजलेलं असतं. गादीवाफ्यावर टेकलेलं स्ट्रॉबेरीचं फूल त्याहून कितीतरी गार हवेत असतं. म्हणून आकडा पाच-सहा अंशांचा असला तरी फूल काळं पडू शकतं. ‘आकाश निरभ्र, वारे शांत’ हा अंदाज फिरायला आलेल्यांना गोड वाटतो. भिलारच्या शेतकऱ्यानं त्या रात्री वाफे झाकायची तयारी ठेवावी.

अंदाजाचा आणखी एक परिणाम होतो, त्याची नोंद कुठल्या पत्रकात नसते. पावसाचा इशारा आला की बांधावर आलेला व्यापारी दर पाडून मागतो. माल तयार असेल, साखर उतरली असेल, तर बागायतदाराला दोन रात्रींत ठरवावं लागतं : आज कमी दरानं तोडायचा, की आभाळ जाईल म्हणून थांबायचं. विमाही इथं अर्धाच उपयोगी. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीला वेगाचा वारा धरलेला आहे, द्राक्षाला अवेळी पाऊस आणि कमी तापमान. तीन दिवस ढगाळ, वारं पडलेलं, दव अकरापर्यंत, आणि पर्जन्यमापकात शून्य, या नुकसानीला त्या तक्त्यात रकाना नाही. बागायतदारांनी मागायचाच असेल तर तो रकाना मागावा.

जे विकलं जात नाही किंवा मुद्दाम राखलं जातं ते जातं रॅकवर. नागज, जुनोनीच्या माळावर बेदाण्याची शेड का वाढली, त्यांचं तोंड कुठल्या दिशेला असतं, आणि तिथल्या कोरड्या वाऱ्याला बेदाणावाले का जपतात, ते पुढच्या आठवड्यात.