‘लेजंड’ या संज्ञेचा अर्थप्रवास

‘लेजंड’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत ‘दंतकथा’ हा प्रतिशब्द सर्रास योजला जातो. मध्ययुगीन युरोपच्या संदर्भात तो दिशाभूल करणारा आहे. मूळ लॅटिन ‘लेगेंदा’ म्हणजे ‘वाचावयाचे ते’. संतांच्या स्मृतिदिनी मठांतून वाचल्या जाणाऱ्या चरित्रांना हे नाव होते. याकोबुस दे वोराजिने याने तेराव्या शतकात सिद्ध केलेला ‘लेगेंदा ऑरेआ’ हा अशा चरित्रांचा विख्यात संग्रह होय. विल्यम कॅक्स्टनने १४८३ च्या सुमारास तो इंग्रजीत छापला. धर्मसुधारणेनंतर या चरित्रांच्या सत्यतेविषयी संशय बळावला आणि ‘लेजंड’ला ‘अनैतिहासिक कथा’ हा अर्थ चिकटला.

तत्पूर्वी मात्र या कथांना पुराव्याचे मोल होते. आयरिश संत ब्रेंडनच्या सागरप्रवासाच्या लॅटिन कथेतील बेट मार्टिन बेहाइमच्या १४९२ च्या पृथ्वीगोलावर दाखविलेले आहे. नकाशातील चिन्हांच्या खुलाशालाही इंग्रजीत ‘लेजंड’च म्हणतात, तेथे ‘वाचावयाचे’ हा मूळ अर्थ आजही टिकून आहे.

‘दंतकथा’ मुखपरंपरा सूचित करते, ‘लेगेंदा’ ग्रंथपरंपरा. या दृष्टीने महिपतींच्या ‘भक्तविजया’सारखा पारायणाचा संतचरित्रग्रंथ तिला अधिक जवळचा ठरतो. म्हणून मध्ययुगीन अर्थासाठी ‘संतकथा’ व आधुनिक अर्थासाठी ‘दंतकथा’ असा भेद पाळणे इष्ट. अन्यथा आधुनिकांचा अविश्वास मध्ययुगीन वाचकावर लादला जातो, आणि तौलनिक अभ्यासाचा पायाच डळमळीत होतो.