अतिदीप्त नवताऱ्यांच्या अवशेषांतील तप्त प्लाझ्मा : लोहरेषेची साक्ष

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात रोज हाताळल्या जाणाऱ्या पोलादावर क्ष-किरण टाकले, तर त्यातील लोहाचे अणू ६.४ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेची वर्णरेषा उत्सर्जित करतात. धातूचे घटक ओळखण्याची ही परिचित रीत होय. इ. स. १५७२ मध्ये टायको ब्राहे याने शर्मिष्ठा तारकासमूहात पाहिलेल्या नवताऱ्याच्या अवशेषातही लोहाची रेषा जवळजवळ याच ऊर्जेस आढळते. हे आश्चर्याचे आहे. कारण तेथील प्लाझ्मा कोट्यवधी अंश तप्त आहे.

स्फोटात फेकले गेलेले द्रव्य आंतरतारकीय वायूत घुसते व आघाततरंग निर्माण होतात. तरंगाचा वेग सेकंदास ३,००० किलोमीटर असेल, तर त्यामागील वायूचे सरासरी तापमान सुमारे १२ कोटी केल्विन होते. मात्र ही ऊर्जा प्रथम मुख्यतः जड आयनांस मिळते. इलेक्ट्रॉन मागाहून तापतात. क्ष-किरणांच्या अखंड वर्णपटावरून मिळते ते इलेक्ट्रॉनांचे तापमान, आयनांचे नव्हे.

अशा तापमानात समतोल साधला असता, तर लोहाच्या २६ पैकी दोनच इलेक्ट्रॉन उरले असते आणि रेषा ६.७ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी दिसली असती. परंतु इलेक्ट्रॉन निखळण्यास टकरी लागतात, व विरळ वायूत त्या क्वचितच घडतात. दर घन सेंटिमीटरात एक इलेक्ट्रॉन धरल्यास समतोलास सुमारे १०^१२ सेकंद, म्हणजे तीस हजार वर्षे लागतात. टायकोच्या अवशेषाचे वय जेमतेम साडेचारशे वर्षे आहे. तेथील लोह तापले नाही असे नव्हे, तर त्याचे आयनीभवन अपुरे राहिले आहे. म्हणून समतोल गृहीत धरून काढलेले तापमान व मूलद्रव्यांचे प्रमाण फसवे ठरते.

पृथ्वीचे वातावरण हे किरण शोषून घेते. त्यामुळे निरीक्षणे अवकाशातूनच करावी लागतात. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली घडविलेल्या मृदू क्ष-किरण दुर्बिणीचा पल्ला ०.३ ते ८ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. उपरोक्त दोन्ही रेषा त्यात येतात. मात्र तेथे तिचे परिणामी क्षेत्रफळ बरेच घटते, म्हणून दीर्घ निरीक्षण आवश्यक ठरते. रेषेचे अस्तित्व मूलद्रव्य सांगते. तिचे स्थान त्या द्रव्याचा इतिहास सांगते.