पाश्चात्त्य चित्रकला : एका खिडकीची कथा

एखादे चित्र पाहून आपल्या तोंडून जो पहिला शब्द बाहेर पडतो, तो बहुधा 'हुबेहूब' हाच असतो. चित्रातला आंबा उचलून घ्यावासा वाटला, पैठणीची जर बोटांना लागेल असे वाटले, तसबिरीतले डोळे आपण जाऊ तिकडे वळतात असा भास झाला, की आपण चित्रकाराला शाबासकी देऊन मोकळे होतो. उलट पिकासोचे एखादे चित्र समोर आले, त्यात नाक एकीकडे आणि डोळे दुसरीकडे दिसले, की आपण गोंधळतो, थोडे रागावतोही. हा गृहस्थ आपली थट्टा तर करीत नाही ना, अशी शंका मनात येते. ही शंका आम्हांला मुळीच हसण्यासारखी वाटत नाही. ती ज्या समजुतीतून निघते, ती समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे. डोळ्यांना दिसते तसे दाखविणे हेच चित्राचे काम, असे आपण धरून चालतो. हे ठरविले कोणी, आणि केव्हा? युरोपच्या चित्रकलेच्या इतिहासात या प्रश्नाला बरेच नेमके उत्तर मिळते. आणि हा एक धागा हाती धरला, म्हणजे नावांच्या व सनावळ्यांच्या गर्दीत वाट चुकण्याचे भय राहत नाही.

सहाव्या शतकापासून आरंभ करू. इटलीतील रॅव्हेना येथे सान व्हिताले नावाचे चर्च आहे. त्याच्या भिंतींवर रंगीत काचेचे बारीक चौकोनी तुकडे बसवून सम्राट जस्टिनियन व सम्राज्ञी थिओडोरा यांची चित्रे केलेली आहेत. सारी माणसे एका ओळीत, आपल्याकडे तोंड करून उभी आहेत. पाय जमिनीवर टेकलेले नाहीत, लोंबते आहेत असे वाटते. सावली कोणाचीच पडत नाही, आणि मागे आभाळाच्या जागी सोनेरी झळाळी आहे. त्या कारागिरांना यापेक्षा चांगले साधत नव्हते, असे म्हणून हा विषय मिटविता येत नाही. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या घरांतून छायाप्रकाशाची उत्तम जाण असलेली भित्तिचित्रे सापडली आहेत. म्हणजे ही विद्या त्या मुलखाला अपरिचित नव्हती. पण रॅव्हेनाच्या चित्रकाराला अंगण किंवा आभाळ दाखवायचे नव्हतेच. कोणतीही वेळ नसलेले, कोणतेही ठिकाण नसलेले असे स्थान त्याला दाखवायचे होते, आणि त्यासाठी सोन्याइतका योग्य रंग नाही. देव्हाऱ्यातल्या मूर्तीची सावली कोणत्या बाजूस पडते, हे आपण तरी कुठे पाहतो?

हे सोने बाजूला सारण्याचे श्रेय मुख्यतः जोत्तो या चित्रकाराकडे जाते. पाद्वा येथील एका लहानशा प्रार्थनामंदिरात त्याने १३०५ च्या सुमारास ख्रिस्तचरित्र रंगविले. त्यात ख्रिस्ताच्या मृतदेहाभोवती चाललेल्या आकांताचे एक चित्र आहे. दोन स्त्रिया त्या देहाजवळ आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. त्यांचे चेहरे आपल्याला दिसतच नाहीत. गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण विचार केला तर तिचे मोल कळते. पूजेच्या चित्रातली माणसे भक्ताकडे पाहतात. ज्यांनी आपल्याकडे पाठ केली, त्यांना आपली दखल नाही; त्या आपल्या दुःखात बुडालेल्या आहेत, आणि आपण त्यांच्या मागे गर्दीत येऊन उभे राहिलो आहोत. भिंत जणू थोडी आत सरकली.

तिला पुरते भगदाड पाडले ते फ्लॉरेन्समध्ये, पंधराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत. ब्रुनेलेस्की हा धंद्याने सोनार आणि पुढे मोठा वास्तुशिल्पी. त्याने तेथल्या बाप्तिस्मामंदिराचे एक चित्र एका फळीवर काढले आणि त्या फळीला एक छिद्र पाडले. पाहणाऱ्याने फळीच्या पाठीमागून छिद्राला डोळा लावायचा आणि दुसऱ्या हातात, समोर, आरसा धरायचा. आरशात चित्र दिसे. आरसा काढला की त्याच जागी खरी इमारत दिसे. आणि दोन्ही जुळत. ती फळी आज उरलेली नाही, पण तिच्यामागचे गणित उरले. १४३५ मध्ये आल्बेर्ती या विद्वानाने ते लिहून काढले, आणि चित्राची चौकट ही जणू उघडी खिडकी आहे, अशी कल्पना मांडली. रेल्वेचे रूळ दूरवर एका बिंदूत मिळतात असे भासते. ड्रॉइंगच्या तासाला आपण पट्टी घेऊन तेच गिरवीत होतो. त्यालाच यथार्थदर्शन म्हणतात.

ही युक्ती पडताळून पाहावयाची तर त्याच शहरातील सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये मासाच्चोचे १४२७ च्या सुमाराचे भित्तिचित्र आहे. सपाट भिंतीवर त्याने कमानीचे छत असलेले एक दालन अशा कौशल्याने रंगविले की, भिंतीत खरोखरच दालन कोरले आहे असे वाटावे. रेषा आखण्यासाठी गिलाव्यात ओढलेल्या खुणा आजही दिसतात. साऱ्या रेषा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन मिळतात. मासाच्चो सत्ताविशीच्या आतबाहेर वारला. त्याच्या पाठीमागून आलेल्या प्रत्येकाने या भिंतीपुढे उभे राहून धडा घेतला.

परंतु या खिडकीचे भाडे काय पडते, हेही येथेच पाहून ठेवले पाहिजे. यथार्थदर्शनाचे गणित जुळते ते एकाच डोळ्याला, एकाच जागी, एकाच क्षणी. पाहणाऱ्याने हलायचे नाही. आपण मात्र प्रत्यक्षात दोन डोळ्यांनी, मान वळवून, इकडून तिकडून पाहत असतो. शिवाय जे पाहतो त्यात काल पाहिलेले मिसळत असतो. तेव्हा 'दिसते तसे' म्हणताना आपण एका फार कडक अटीवर सही करतो. युरोपने ही सही केली आणि साडेचारशे वर्षे ती पाळली.

खिडकी उघडली, पण तिच्यातून दिसणाऱ्या वस्तूंना पोत हवा, झळाळी हवी. ती उत्तरेकडून, आजच्या बेल्जियमच्या भागातून आली. इटलीतले चित्रकार फळीवर काम करताना रंग अंड्याच्या बलकात कालवीत. तो चटकन वाळतो. एका रंगात दुसरा हळुवार मिसळण्यास उसंतच मिळत नाही. जवसाच्या तेलात कालवलेला रंग हवा शोषून सावकाश वाळतो. पांढऱ्याशुभ्र खडूच्या थरावर तेलरंगाचा एक पातळ, पारदर्शक हात द्यावा, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. उजेड या थरांतून आत शिरतो, तळच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो, आणि चित्र आतून उजळल्यासारखे दिसते. तेलरंगाचा शोध यान व्हान आइक याने लावला असे पूर्वी सांगत. ते खरे नाही, तो त्याच्या आधीही ठाऊक होता. त्याने तो कळसास नेला, एवढे खरे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे १४३४ चे एक चित्र आहे. आर्नोल्फिनी नावाचा व्यापारी आणि एक स्त्री हात हातात घेऊन उभी आहेत. फळी जेमतेम पावणेतीन फूट उंच. पण कुत्र्याचा केस न् केस, खिडकीतली संत्री, पितळी झुंबरात दिवसाढवळ्या जळणारी एकुलती मेणबत्ती, सारे जागच्या जागी. मागे भिंतीवर एक गोल आरसा आहे. त्यात त्या दोघांच्या पाठी दिसतात आणि दारात उभी असलेली आणखी दोन माणसेही दिसतात. आरशाच्या वर चित्रकाराने लॅटिनमध्ये लिहून ठेवले आहे की, यान व्हान आइक येथे हजर होता. एखाद्या दस्तऐवजावर साक्ष घालावी तशी ही सही आहे.

यानंतरची शंभर वर्षे साऱ्यांच्या परिचयाची, म्हणून तेथे आम्ही फार थांबत नाही. लिओनार्दोने मिलानच्या मठातील भोजनगृहात रंगविलेल्या 'शेवटच्या भोजना'त छताच्या, भिंतींच्या साऱ्या रेषा ख्रिस्ताच्या मस्तकाशी येऊन मिळतात. गणित भक्तीच्या सेवेला लावले आहे. मात्र ओल्या गिलाव्यावर झटपट काम करणे त्याच्या स्वभावात नव्हते; त्याने कोरड्या भिंतीवर प्रयोग केला आणि त्याच्या हयातीतच चित्राला अवकळा येऊ लागली. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात सिस्टाइन प्रार्थनामंदिराचे छत रंगविले. लोक समजतात तसे उताणे पडून नव्हे, मचाणावर उभे राहून, मान मागे टाकून. त्यात निसर्गदृश्य जवळजवळ नाहीच. माणसाचा देह हेच त्याचे सारे जग.

काराव्हाज्जोने रोममध्ये १६०० च्या सुमारास खोलीतले दिवेच मालविले आणि अंधारातून एक तिरीप आत सोडली. ती तिरीप हॉलंडमध्ये रेम्ब्रांटच्या हाती आली तेव्हा तिचे काय झाले, हे आम्हांला या साऱ्या इतिहासातले सर्वांत हृद्य प्रकरण वाटते. १६४२ चे त्याचे प्रचंड सामूहिक चित्र 'रात्रीची गस्त' या नावाने ओळखले जाते. ते नाव त्याने दिलेले नाही, आणि ती रात्रही नाही. रोगणाचे थर काळे पडले होते. ते १९४० नंतरच्या दशकात साफ केल्यावर दिवस दिसू लागला. रेम्ब्रांटचे १६५६ मध्ये दिवाळे निघाले, घरातला संग्रह विकला गेला. त्याने तरुणपणापासून स्वतःचेच चेहरे काढले होते, लहानमोठे मिळून ऐंशीच्या आसपास. उतारवयातल्या चेहऱ्यांत रंग जाड, ओबडधोबड बसला आहे. जवळून पाहावे तर नुसते चिखलाचे लपके, चार पावले मागे यावे तर थकलेले, सगळे समजून चुकलेले डोळे. आता 'हुबेहूब' हा शब्द येथे पुरतो का? आणि याच दिवाळखोरीच्या सुमारास हा माणूस शाहजहानच्या दरबारातील लघुचित्रे समोर ठेवून त्यांच्या नकला करीत होता! अशी वीसहून अधिक रेखाटने आजही आहेत. ज्या चित्रांत सावली नाही, त्यांत छायाप्रकाशाच्या या राजाला काय सापडले असेल? आम्हांला वाटते, रेषा.

पुढे कलेच्या शाळा निघाल्या. पॅरिसची राजमान्य अकादमी १६४८ ची. प्लास्टरचे पुतळे पाहून रेखाटन, मग नग्न देहाचे रेखाटन, मग तेलरंग, असा तिचा क्रम ठरला. त्याच जातीचे शिक्षण १८५७ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघाल्यावर आपल्याकडे पोचले. १८९४ मध्ये रविवर्म्याचा छापखाना मुंबईस सुरू झाला आणि युरोपीय छायाप्रकाशात उभ्या राहिलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर आल्या. ज्या कसोटीला आपण अगदी उपजत मानतो, ती आपल्या घरात अशी आली; पाहुणी म्हणून आली आणि घरधनीण झाली. गंमत अशी की, ती इकडे येत होती त्याच सुमारास पॅरिसमध्ये तिच्याविरुद्ध बंड होत होते.

या बंडाला कारणे दोन, आणि दोन्ही बाजारात मिळणारी. १८३९ मध्ये पॅरिसला छायाचित्रणाची कृती जाहीर झाली. एक डोळा, एक जागा, एक क्षण ही अट यंत्राने चित्रकारापेक्षा चोख पाळली. मग चित्रकाराने काय करावे? दुसरी गोष्ट त्याहून साधी. १८४१ मध्ये रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्यासाठी कथलाची नळी काढली. त्याआधी कालवलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. नळी आली आणि चित्रकार रंग खिशात घालून शेतात जाऊ लागला. तेथे त्याला आढळले की, सावली काळी नसते. ती निळी असते, जांभळी असते, आणि दर घटकेला बदलते. १८७४ मध्ये मोने आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमध्ये आपले वेगळे प्रदर्शन भरविले. मोनेच्या एका चित्राच्या नावात 'इंप्रेशन' हा शब्द होता. एका टीकाकाराने त्यावरून या मंडळींची टर उडविली आणि तेच नाव त्यांना चिकटले. मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींचीच वीस-पंचवीस चित्रे केली. गंज तीच, उजेड बदलला की तो दुसरे कापड पुढे ओढी. त्याची निष्ठा डोळ्यांवरच होती, इतकी की वस्तूच विरघळून गेली.

ते सेझानला मानवले नाही. त्याला सफरचंद घट्ट हवे होते. दक्षिण फ्रान्समधल्या आपल्या गावी तो एकाच मेजाकडे दिवसचे दिवस पाहत बसे. मान हलली, डोळा हलला, तर तेही चित्रात येऊ देई. म्हणून त्याच्या चित्रात कापडाच्या डाव्या बाजूची मेजाची कड उजव्या बाजूच्या कडेशी जुळत नाही. पट्टी लावून पाहणाऱ्याला ती चूक वाटते. वस्तुतः साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या अटीतून तो एक पाऊल बाहेर पडत होता. १९०६ मध्ये तो वारला आणि १९०७ मध्ये पिकासोने पाच स्त्रियांचे जे चित्र केले, त्यात एकाच चेहऱ्यावर नाक बाजूने आणि डोळे समोरून दिसू लागले.

हे आपल्याला इतके परके वाटण्याचे खरे तर कारण नव्हते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची जातककथा भिंतीवर पसरली आहे. तोच राजपुत्र त्याच भिंतीवर पुनःपुन्हा येतो, आणि पाहणाऱ्याने कथेबरोबर चालत जायचे असते. एका जागी खिळून उभे राहा, असे तेथे कोणी सांगत नाही. १८७२ नंतर ग्रिफिथ्स साहेबांच्या हाताखाली याच भिंतींच्या नकला करायला जे. जे. स्कूलचे विद्यार्थी गेले होते.

२६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील गेर्निका या गावावर जर्मन व इटालियन विमानांनी बाँब टाकले. पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये होता. त्या वर्षीच्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्याने जे कापड रंगविले ते सुमारे साडेअकरा फूट उंच व साडेपंचवीस फूट रुंद आहे. रंग नाहीतच, वर्तमानपत्रातल्या छायाचित्राप्रमाणे काळे, पांढरे आणि करडे. मेलेले मूल मांडीवर घेऊन आकाशाकडे तोंड केलेली आई, तडफडणारा घोडा, मोडलेली तलवार, वर एक विजेचा दिवा. घर आतून दिसते की बाहेरून, हे ठरविता येत नाही. बाँब पडलेल्या घराचे तसेच होते. आणि उजवीकडे एक खिडकी आहे. तिच्यातून एका बाईचे डोके आणि लांबलचक हात बाहेर आला आहे. हातात दिवा धरून ती आत काय झाले ते पाहते आहे. हे चित्र अनेक वर्षे न्यूयॉर्कमध्ये होते. १९८१ मध्ये ते स्पेनला परत गेले, आणि १९९२ पासून माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात आहे.