वाढदिवस पहिला, औक्षण दोघींचं

जावेचं किंवा नणंदेचं मूल दत्तक घेतलेली घरं आमच्या नरसी नामदेवसारख्या गावांत नवी नाहीत. प्रश्न पडतो तो पहिल्या वाढदिवसाला. जन्मदातीला बोलवायचं का? सासूबाई म्हणतात, "नको गं बाई, तिचा जीव पुन्हा गुंतायचा!"

मैत्रिणींनो, मला वाटतं, अवश्य बोलवावं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे रीतसर झालेलं दत्तक मोडता येत नाही. दत्तकपत्राची नोंदणी केलेली असली म्हणजे उत्तमच. मग भीती कसली? (संस्थेतून आणलेल्या बाळाची गोष्ट वेगळी. तिथे जन्मदात्यांची माहिती गुप्त ठेवतात.)

मात्र काही गोष्टी आधी ठरवाव्यात. पहिलं औक्षण आईचं, मग जन्मदातीचं. बाळ तिला काकू म्हणणार की आत्या, ते ठरवून सगळ्यांनी तेच म्हणावं. "खरी आई कोणती रे?" असं थट्टेतही कुणी विचारू नये. तिनं आणलेलं आंगडं-टोपडं कौतुकानं घालावं. तिचे डोळे भरून आले तर भरू द्यावेत. निघताना तिची ओटी भरावी.

बाळाला मध्ये घेऊन दोघींचा एक फोटो जरूर काढावा. गावात अशी गोष्ट लपत नाही. उद्या पारावर कुणीतरी सांगणारच. त्याआधी ती पोरानं आईच्या मांडीवर, तो फोटो बघत ऐकावी. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी वाढली, असं आपण सांगतो. दोन्ही नावं घेतोच ना? कुणाचंच काही कमी होत नाही.